प्राणरक्षणाचे बदलते दंडक

ज्या विद्येचा उपयोग करण्यास मनुष्याला पाचदहा मिनिटांहून अधिक अवधी क्वचितच मिळतो, त्या विद्येचे नियम दर काही वर्षांनी बदलत राहावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी अविश्वास उत्पन्न करणारी वाटते. हृदयक्रिया बंद पडलेल्या इसमाच्या छातीवर दाब देऊन व तोंडाने श्वास भरून त्याचे प्राण राखण्याची जी क्रिया आज सीपीआर या नावाने सर्वत्र ओळखली जाते, तिच्या शिक्षणाचा मागोवा घेतला असता मात्र या फेरफारांमागे लहर नसून एक निश्चित दिशा होती असे दिसून येते. आणि विहिरी, शेततळी, वीजपंप व पोलादाचे कारखाने यांनी व्यापलेल्या जालना जिल्ह्याने ती दिशा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

या विद्येचा उगम बुडालेल्यांना वाचविण्याच्या प्रयत्नांत आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७४० साली बुडालेल्या मनुष्यास तोंडाने श्वास द्यावा अशी शिफारस केली होती. पुढे ती शिफारस मागे पडली आणि तिची जागा अंग दाबून फुप्फुसांत वारा खेळविण्याच्या निरनिराळ्या रीतींनी घेतली. शेफर यांनी १९०३ च्या सुमारास रोग्यास पालथे निजवून कमरेच्या वर दाब देण्याची रीत सांगितली; डेन्मार्कच्या होल्गर नील्सन यांनी १९३२ साली तीत हात उचलण्याची भर घातली. जालना त्या काळी निजामाच्या अंमलाखाली होते, आणि विहिरीतून वर काढलेल्यास उलटे धरून वा पोट दाबून पाणी काढणे हीच खेड्यापाड्यांतली समजूत होती. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला त्याच १९५६ साली भारतीय विद्युत नियम अमलात आले आणि विजेचा धक्का बसलेल्यास शुद्धीवर आणण्याच्या सूचना प्रत्येक वीजकेंद्रात व वीज वापरणाऱ्या कारखान्यात, जिल्ह्याच्या भाषेतही, ठळक जागी लावण्याचे बंधन मालकांवर आले. अशा तक्त्यांवर दीर्घकाळ त्या जुन्या दाबण्याच्या रीतींचीच चित्रे राहिली.

वास्तविक त्या रीतींचा पाया त्याच दशकात ढासळत होता. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासमार्ग बंद होतो, त्यामुळे पाठ कितीही दाबली तरी पुरेसा वारा आत जात नाही, हे जेम्स एलम आणि पीटर सफार यांनी प्रयोगांनी दाखवून दिले, आणि तोंडाने श्वास देण्याची जुनी क्रिया सन्मानाने परत आली. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील कौवेनहोवन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती न उघडता, केवळ तळहातांच्या दाबाने रक्ताभिसरण चालू ठेवता येते असे प्रसिद्ध केले. यांतील कौवेनहोवन हे वैद्य नसून विद्युत अभियंते होते, आणि त्यांच्या संशोधनास चालना मिळाली ती तारांवर काम करताना धक्क्याने मरणाऱ्या कामगारांच्या प्रश्नामुळे. शेतकऱ्याच्या वीजपंपाशी या विद्येचे नाते असे जन्मजात आहे.

१९६६ साली अमेरिकेत झालेल्या परिषदेने ही क्रिया वैद्यकीय पेशातील लोकांपुरती मान्य केली. सामान्य नागरिकांनाही ती शिकवावी हा निर्णय १९७४ च्या प्रसिद्ध मानदंडांत आला. आणि येथूनच खरा प्रश्न उभा राहिला, की घाबरलेल्या, एकदाच शिकलेल्या माणसाला कितपत आठवेल? पुढील सर्व फेरबदलांची गुरुकिल्ली या प्रश्नात आहे. नाडी चाचपण्यात सामान्य माणूस वेळ दवडतो आणि चुकतोही, म्हणून २००० साली त्याच्यावरची ती सक्ती काढून टाकण्यात आली. दाब थांबला की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतील दाब तत्काळ घसरतो आणि तो पूर्ववत होण्यास पुन्हा अनेक दाब खर्ची पडतात, म्हणून २००५ साली पंधरा दाबांना दोन श्वास हे प्रमाण बदलून तीस दाबांना दोन श्वास असे झाले. अकस्मात कोसळलेल्या प्रौढाच्या रक्तात काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू असतो, म्हणून २०१० साली श्वासमार्गाआधी छातीवर दाब, असा क्रमच उलटला. दाबाची गती मिनिटाला १०० ते १२० आणि खोली पाच ते सहा सेंटिमीटर अशी दोन्ही बाजूंनी बांधून देण्यात आली ती २०१५ साली, कारण अति वेगाने दिलेले दाब उथळ होतात.

भारतात २०१७ साली इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्यजनांसाठी केवळ छातीवरच्या दाबांचा क्रम जाहीर केला : स्थिती ओळखावी, मदत बोलवावी, दाब देत राहावे, रोग्यास लवकर दवाखान्यात हलवावे. श्वासाची पायरी त्यांत मुद्दाम वगळली आहे. ज्या मुलखात प्रशिक्षित मनुष्य दुर्मीळ आणि परक्याच्या तोंडाला तोंड लावण्याचा संकोच प्रबळ, तेथे ही सुटसुटीत आज्ञा शहाणपणाचीच म्हटली पाहिजे.

परंतु जालन्यात एवढ्यावर थांबता येणार नाही. कडवंचीसारख्या गावांनी पाणलोटाच्या कामांतून व शेततळ्यांतून दुष्काळाशी झुंज दिली, याचा जिल्ह्याला रास्त अभिमान आहे. पण प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्याचा निसरडा उतार पोहता न येणाऱ्याला वर येऊ देत नाही. बुडालेल्याचे हृदय थांबते ते प्राणवायूच्या अभावी. त्याच्या रक्तात कोणताही साठा शिल्लक नसतो. त्याला श्वास हवाच, आणि पोटातले पाणी काढण्यात वेळ दवडणे घातक ठरते, हे आजचेही मार्गदर्शन आहे. १७४० ची शिफारस आणि आजचा नियम येथे एकत्र येतात. म्हणून शेततळ्याच्या गावात दाब व श्वास दोन्ही शिकविले पाहिजेत, आणि केवळ दाबांची मुभा कोठे पुरते व कोठे अपुरी पडते हेही सांगितले पाहिजे.

१९८१ साली स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका धावते आहे. तथापि सीपीआरविना जाणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटविते, आणि घनसावंगी किंवा जाफराबादच्या आडगावी ती मिनिटे शेजाऱ्याच्याच हाती असतात. ६ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशभर एकाच दिवशी सीपीआरचे धडे दिले, हे स्तुत्य होय. परंतु हे कौशल्य मनुष्य काही महिन्यांतच विसरू लागतो, त्यामुळे एका दिवसाच्या शिक्षणावर आयुष्यभर विसंबता येत नाही. वायरमन, शिक्षक, ग्रामपंचायतीचे सेवक आणि शेततळ्यांचे मालक यांची उजळणी निदान दोन वर्षांतून एकदा व्हावी, आणि कारखान्यांतील प्रत्येक तक्त्यावर तो कोणत्या सालच्या नियमांचा आहे हे छापले जावे, एवढी व्यवस्था जिल्ह्याच्या ऐपतीतली आहे. नियम पुन्हा बदलतील आणि बदलावेतही. परंतु जुन्या प्रमाणाने दाब देणारा मनुष्य नव्या नियमाची वाट पाहत उभ्या राहिलेल्यापेक्षा शतपटीने उपयोगी असतो. म्हणून दंडक बदलतात या सबबीखाली कोणीही हात आखडता घेऊ नये.