लेखांक 9 : दोन मंचांवरचा पापोन

मागच्या आठवड्यात आपण भूपेन हजारिकांपाशी थांबलो होतो. त्यांच्यानंतरच्या पिढीत आसामचा सूर मुंबईत घेऊन आलेल्यांपैकी एक म्हणजे अंगराग महंत. श्रोते त्याला पापोन म्हणून ओळखतात.

2015 मध्ये 'दम लगा के हैशा' आला आणि 'मोह मोह के धागे' घराघरांत वाजू लागलं. चाल अनू मलिक यांची, शब्द वरुण ग्रोवर यांचे. ग्रोवर यांना गीतलेखनाचा आणि याच गाण्याच्या स्त्रीस्वरातल्या आवृत्तीसाठी मोनाली ठाकूरला गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरुषस्वरातलं गाणं पापोनचं. अनेकांना तो नवखा गायक वाटला. प्रत्यक्षात तो चाळिशीला टेकला होता आणि 'जोनाकी राति' हा त्याचा असमिया अल्बम येऊन तेव्हा दशक उलटून गेलं होतं.

पापोनचा जन्म 1975चा. वडील खगेन महंत म्हणजे आसामात बिहू-सम्राट म्हणून गौरवले गेलेले गायक. आई अर्चना महंत याही तेवढ्याच नावाजलेल्या लोकगायिका. बिहूगीत, कामरूपी लोकगीत, शंकरदेव-माधवदेवांच्या परंपरेतलं बरगीत, अजान फकिरांच्या नावाने ओळखली जाणारी जिकिर असं सगळं या घरात रोजच्या कानावरचं. खोल, तबला, हार्मोनियम ही वाद्यं पापोनच्या हाताला तिथेच लागली. गिटार त्यांच्या जोडीला आली.

आसामात गायक घडतो तो मंचावर, हेही इथे सांगायला हवं. वैशाखातला रोंगाली बिहू मूळचा शेताशिवारातला, झाडाखालचा. 1952 मध्ये गुवाहाटीच्या लताशील मैदानावर तो मंचावर चढला आणि पुढे गावोगावी रात्र-रात्र चालणाऱ्या बिहू-मंचांची रीत रुजली. ढोल, म्हशीच्या शिंगाची पेपा, दातांत धरून वाजवायची बांबूची गगना यांच्या कल्लोळात गायकाला आपला आवाज टिकवावा लागतो. समोरचा समुदाय नाचायलाच आलेला असतो. असा मंच पाहिलेल्या घरातला मुलगा पुढे दिल्लीत इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांमध्ये रमला, 'मिडिव्हल पंडित्झ'बरोबर गायला, यात मला काहीच विसंगत वाटत नाही.

2007च्या सुमारास त्याने 'पापोन अँड द ईस्ट इंडिया कंपनी' हा बँड उभा केला. फ्यूजनच्या नावाखाली लोकगीतामागे नुसता ड्रमचा ठेका लावून मोकळं होण्याची वाईट सवय आपल्याकडे बोकाळली आहे. पापोनच्या चांगल्या कामात तसं होत नाही. बिहूच्या कितीतरी चाली मोजक्या स्वरांत फिरतात. त्यांवर पाश्चात्त्य स्वरसंगतीचा भार टाकला की त्या गुदमरतात. त्याच्या उत्तम सादरीकरणांत गिटार आणि कीबोर्ड बराच वेळ एखाद्या स्वरावर टिकून राहतात आणि वर गाणं मोकळेपणी चालतं. हा संयम घरातून आलेला आहे.

कोक स्टुडिओ@एमटीव्हीच्या तिसऱ्या पर्वात, 2013 मध्ये, एका भागाची संगीतनिर्मितीच त्याच्याकडे होती. त्यात त्याने 'झुमूर' घेतलं. झुमूर हे आसामच्या चहामळ्यांतलं गाणं. एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर आणि आसपासच्या भागांतून ज्या आदिवासींना मळ्यांवर मजुरीसाठी नेलं, त्यांनी ते बरोबर नेलं. आसामचं संगीत म्हणजे फक्त बिहू, हा बाहेरच्यांचा समज मोडणारी ही निवड होती आणि माझ्या लेखी ती त्याच्या अनेक चित्रपटगीतांपेक्षा मोलाची आहे.

चित्रपटगीतं तोवर सुरू झालेली होतीच. गोव्यात घडणाऱ्या 'दम मारो दम'मधलं 'जिएं क्यूँ' (2011), 'बर्फी'तलं सुनिधी चौहानबरोबरचं 'क्यों' (2012), 'स्पेशल 26'मधलं 'कौन मेरा' (2013). संगीतकारांनी त्याच्याकडून घेतला तो खालच्या पट्टीतला, किंचित खरखरीत, श्वास ऐकू येणारा आवाज. हरकती-मुरक्यांची आतषबाजी तो करत नाही. हिंदीत गाताना असमिया गायकापुढे उच्चारांचीही कसोटी असते, कारण असमियात त आणि ट हे आपल्यासारखे वेगळे उच्चारले जात नाहीत. पापोन ती कसोटी सहज पार करतो.

पार्श्वगायकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात. चाल दुसऱ्याची, प्रसंग तिसऱ्याचा, चेहरा चौथ्याचा. बँडबरोबर मात्र तो एकच ओळ हवी तितका वेळ घोळवू शकतो आणि हिंदी गाण्याला लागूनच असमिया गीत घेऊ शकतो. त्याची कारकीर्द दोन्हींवर उभी आहे, पण तिचा कणा बँड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्रपटांनी त्याला श्रोते मिळवून दिले, बँडने त्याचं गाणं जपलं.

पुढच्या लेखांकात गोवालपाडिया लोकगीतं आणि प्रतिमा बरुआ पांडे. तोवर वाचकांनी खगेन आणि अर्चना महंत यांची जुनी ध्वनिमुद्रणं शोधून ऐकावीत आणि त्यानंतर लगेच मुलाचं 'झुमूर' लावावं.