शंभर दिवसांची जागल

जागल म्हणजे काय, हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पीक हाताशी आलेले असते आणि रोही, रानडुकरे येतात ती रात्रीच. म्हणून शेतकरी मचाणावर रात्र काढतो. त्याच्या जागण्याने दाणा भरत नाही. पण तो जागा राहतो म्हणून भरलेला दाणा घरी येतो. मूलपेशींचे रोपण झालेल्या माणसाच्या आप्तांचे काम नेमके याच जातीचे आहे.

रक्त तयार होते ते हाडांच्या पोकळीतील मज्जेत. रक्ताचा कर्करोग, थॅलॅसेमिया, सिकलसेल अशा काही विकारांत ही बिघडलेली मज्जा प्रखर औषधांनी नष्ट करतात आणि दात्याच्या मूलपेशी रक्ताच्या पिशवीसारख्या शिरेतून चढवितात. त्या आपल्या आपण हाडांत जाऊन वसतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत रुजतात. भारतात हा प्रयोग प्रथम यशस्वी झाला तो २० मार्च १९८३ रोजी, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हातून. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी आणि दाता तिचा भाऊ.

पेशी रुजल्या, ‘काउंट’ वर आले, की घरच्यांना वाटते संकट टळले. खरी जागल तेथूनच सुरू होते. नव्या पेशी म्हणजे नवे पहारेकरी होत. त्यांना हे शरीरच परके वाटते आणि ते घरच्यांवरच काठी उगारतात. डॉक्टर याला ‘जीव्हीएचडी’ म्हणतात. पहिल्या शंभर दिवसांत बहुधा तीन ठिकाणी त्याची चाहूल लागते : तळहात-तळपायांवर लाल पुरळ, पाण्यासारखे जुलाब, डोळ्यांत पिवळेपणा. पुढे महिनोन्‌महिने तोंड व डोळे कोरडे पडणे, कातडी ताठरणे, दम लागणे असेही त्याचे रूप दिसते. या पहारेकऱ्यांना आवरण्यासाठी सायक्लोस्पोरिनसारखी औषधे देतात. पण ते आवरले गेले की जंतूंना दार मोकळे होते. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर, अशी ही वाट आहे.

मग घरच्यांनी करावे काय? एक वही घालावी. दोन वेळचा ताप, जुलाब किती वेळा, वजन, कोणती गोळी केव्हा, हे त्यात लिहावे. ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोचला, की ‘सकाळी पाहू’ म्हणू नये. मनाने तापाची गोळी देऊन तो दडपू नये. त्याच घटकेला रोपण केंद्राला फोन करावा आणि कागदपत्रांची फाईल घेऊन जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. सायक्लोस्पोरिनची मात्रा तपासावयाची असेल त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यावयाची. रक्त चढविण्याची वेळ आली तर ते किरणोपचार केलेले लागते, हे गावच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे.

आपल्याकडील घराचाही विचार केला पाहिजे. वेचणीनंतर कापूस राहत्या खोलीत रचण्याची चाल आहे. त्याची धूळ, गोठा, ओला कडबा, कुजका पाला यांत बुरशी असते आणि ती या रुग्णाच्या फुफ्फुसाला घातक ठरते. समाचाराला येणाऱ्यांना ओसरीवरूनच नमस्कार करावयास सांगावे. त्यात कोणाचा अपमान नाही. वैशाखातल्या उन्हात पाणी कमी पडले तर या औषधांचा भार मूत्रपिंडांवर पडतो, म्हणून उकळून गार केलेले पाणी मोजून पाजावे.

आता एक नाजूक गोष्ट. सख्ख्या भावंडाशी पेशी जुळण्याचा संभव चारांत एक. असा जुळलेला भाऊ आनंदाने देतो, आणि पुढे अंगावर पुरळ उठले की कोणीतरी बोलून जाते, “भावाचेच रक्त बाधले.” हे वाक्य घरात उच्चारू नये. ज्या परकेपणामुळे त्या पेशी कातडीशी भांडतात, त्याच परकेपणामुळे त्या दडून बसलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही शोधून मारतात. दोष दात्याचा नव्हे. तसेच, स्टेरॉइड चालू असताना रुग्ण चिडतो, रात्रभर जागतो, ताट भिरकावतो. तेही पुष्कळ अंशी औषधाचे बोलणे असते. मात्र ते औषध आपल्या मनाने एकाएकी थांबवू नये.

हे दिवस पुष्कळदा परमुलखात काढावे लागतात. धामणगावला गाडीत बसून मुंबई गाठावयाची आणि रुग्णालयाजवळ बिऱ्हाड करावयाचे. आपल्या वऱ्हाडातल्या शेंडगावचे गाडगेबाबा यांनी धर्मशाळा बांधल्या त्या अशाच माणसांसाठी. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना व नातलगांना आसरा देते. रोग्याइतकीच त्याच्या सोबत्यालाही पाठ टेकावयास जागा लागते, हे बाबांनी ओळखले होते.

शेवटी सांगावयाचे ते हेच. एकटा माणूस शंभर रात्री जागू शकत नाही. शेतातही दोघे पाळीपाळीने झोपतात. तेव्हा घरातील एकाच बाईवर सारे टाकून बाकीच्यांनी नुसती चौकशी करू नये. एक रात्र आपल्याकडे मागून घ्यावी. इतके करूनही प्रत्येक पीक घरी येतेच असे नाही. पण जी चाहूल वेळेवर लागली, तिच्यावर उपाय करावयास डॉक्टरांना अवधी मिळतो. आणि तो अवधी मिळवून देणे आपल्या हाती आहे.