कृष्ण पक्षात तोडलेलं लाकूड खरंच चांगलं वाळतं का?

आल्प्स पर्वताच्या परिसरात जुना समज आहे : कृष्ण पक्षात तोडलेलं लाकूड जास्त टिकतं. असं लाकूड चढ्या भावानेही विकलं जातं. यात तथ्य किती?

स्वित्झर्लंडमध्ये अर्न्स्ट झ्युर्खर आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यात ४८ वेगवेगळ्या तारखांना स्प्रूस आणि चेस्टनटची शेकडो झाडं तोडून लाकूड कसं वाळतं ते तपासलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चंद्रकलेनुसार फरक दिसला, पण अगदी थोडा.

हिवाळी तोडणीचं कारण मात्र सरळ आहे. थंडीत कीड आणि बुरशी फारशी वाढत नाही. गार हवेत लाकूड सावकाश वाळतं, त्यामुळे तडे कमी जातात. म्हणून लाकूड घेताना तिथी विचारण्यापेक्षा त्यातला ओलावा मोजून घ्या.