जांभळापासून पाऱ्यापर्यंत

जून लागला की बदलापूर स्टेशनाबाहेर जांभळाच्या पाट्या दिसू लागतात. टपोरं जांभूळ दाताखाली फुटतं, जीभ जांभळी होते आणि पुढच्याच क्षणी कोरडी पडते. रसाने तोंड सुकावं, हे केवढं नवल! फळातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो. आयुर्वेद या तुरटपणाला सहा रसांत बसवतो. आजचे बरेच शास्त्रज्ञ मात्र त्याला चव न म्हणता स्पर्श म्हणतात.

फळातून ओघळतो तो रस, जिभेला कळतो तोही रस आणि असल्या गप्पांत आपल्याला वाटतो तोही रसच. ऋग्वेदात हा शब्द वनस्पतीतल्या द्रवासाठी येतो, विशेषतः सोमाच्या. रसा नावाची नदीही तिथे आहे. इंद्राची कुत्री सरमा ती ओलांडून पणींकडे जाते. आणि तिकडे दूर बाल्टिक किनाऱ्यावर लिथुआनियाचे लोक पहाटेच्या दवाला आजही ‘रसा’च म्हणतात! मूळ एकच. (‘रसद’ मात्र या घराण्यातली नव्हे, ती फारसीतून आली.)

द्रवाला चव असते, चवीला चाखणारा लागतो, आणि चाखणाऱ्याची ओढही मग रस म्हणवून घेऊ लागते. इंग्रजीतल्या ‘गस्टो’चंही तेच झालं: लॅटिनमध्ये ती नुसती चव होती, इंग्रजीत उत्साह झाली. आपल्या उल्हासनगरच्या नावातला उत्साहही पाण्यातूनच आलेला. सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीला १९४९ साली शहराचं नाव मिळालं, ते उल्हास नदीवरून.

भरताने नाट्यरस समजावताना दाखला दिला तो थेट स्वयंपाकघरातला. नाना पदार्थ आणि मसाले एकत्र आले की जेवणात रस उतरतो, तसा नाना भावांतून नाटकात. मला हे फार आवडतं. एवढा मोठा सिद्धान्त, पण पाय चुलीपाशी. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या भिंतींवर, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० च्या त्या दगडात, नर्तिका कोरल्या आहेत. त्या घडल्या तेव्हा ही रसचर्चा कित्येक शतकं जुनी होती.

मंदिराजवळून वाहते ती वालधुनी. तिच्या खोऱ्यात आज रसायनांचे कारखाने आहेत. ‘रसायन’ म्हणजे चरकाच्या लेखी म्हातारपण लांबवणारा उपचार, च्यवनप्राश त्यातलाच. पुढे किमयागारांनी पाऱ्यालाच रस म्हटलं, त्यांच्या विद्येचं रसशास्त्र झालं, आणि नवं विज्ञान मराठीत आलं तेव्हा त्याला रसायनशास्त्र हे नाव जवळपास तयारच मिळालं. एमआयडीसीतून निघालेल्या टँकरवर ‘ज्वलनशील रसायन’ लिहिलेलं असतं, तो शब्द मुळात आयुष्य वाढवणाऱ्या औषधाचा आहे.