तीन सिंहगडांची उंची

पुण्यातल्या नारायण पेठेला उंचावरच्या हवेची ओढ जुनी आहे. केसरीवाड्यात राहणारे लोकमान्य टिळक विश्रांतीसाठी सिंहगडावर जात. गडावरचा त्यांचा बंगला आजही उभा आहे. पेठेतली आजची मंडळीही रविवारी पहाटे गडाच्या पायथ्याशी उतरतात, तासा-दीड तासात वर पोचतात आणि पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही खाऊन दुपारच्या आत घरी परततात. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १,३१२ मीटर. या गडावर दुसरा तेवढाच गड ठेवला, तर जवळपास काश्मीरमधल्या गुलमर्गचं कुरण येतं, २,६५० मीटरवर. त्यावर तिसरा ठेवला की अफरवट डोंगराचा खांदा येतो. तिथे रोपवेच्या डब्यातून उतरून माणसं पायात स्की अडकवतात.

आल्प्समधल्या मोठमोठ्या हिमक्रीडा केंद्रांची वर्णनं वाचून किंवा युरोपची सहल करून आलेल्यांना हे आकडे सांगितले, तर ते थबकतात. फ्रान्समधलं व्हॅल थोरेंस हे युरोपातलं सर्वांत उंचावरचं हिमक्रीडा केंद्र २,३०० मीटरवर आहे. म्हणजे गुलमर्गचा पायथाच त्याच्या वर. स्वित्झर्लंडमधलं क्लाइन मॅटरहॉर्न हे युरोपातलं सर्वांत उंच रोपवे स्थानक ३,८८३ मीटरवर आहे. गुलमर्गचा रोपवे ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. उंचीत काश्मीर भारी असलं, तरी सोयींत आल्प्स खूप पुढे आहे. व्हॅल थोरेंस ज्या ‘त्रोआ व्हाले’ परिसरात आहे, तिथे एकमेकांना जोडलेल्या सुमारे ६०० किलोमीटरच्या आखीव वाटा आहेत आणि त्यांना अवघडपणानुसार हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग दिलेले आहेत. गुलमर्गमध्ये त्या प्रकारची आखणी फार थोडी, मोकळा डोंगर मात्र भरपूर. पहिल्यांदाच स्कीवर उभ्या राहणाऱ्या कुटुंबाला सहाशे किलोमीटर लागतही नाहीत. त्याला लागतो दोनशे-तीनशे मीटरचा सौम्य उतार, धीराचा शिक्षक आणि हाताशी चार दिवस. हे तिन्ही गुलमर्गमध्ये मिळतं. पुण्याची मंडळी कमी पडतात ती चौथ्या गोष्टीत, तारखांत.

मराठी घराचं काश्मीर मे महिन्यातलं असतं. परीक्षा संपल्या, शाळेला सुटी लागली की दाल सरोवर, गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग, सात दिवसांत सगळं. त्या दिवसांत गुलमर्गचं कुरण हिरवं असतं आणि बर्फासाठी थेट अफरवटवर जावं लागतं. स्कीइंगचा खरा मोसम डिसेंबरअखेर ते मार्च. काश्मिरी माणूस हिवाळ्याचे तीन भाग करतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्ला-ए-कलां’, मग वीस दिवसांचा ‘चिल्ला-ए-खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्ला-ए-बच्चा’. मोठा चिल्ला ओसरल्यावर, फेब्रुवारीत, वरचा बर्फ साधारणपणे भरपूर साठलेला असतो आणि थंडी थोडी माणसात आलेली असते. शिकणाऱ्यांसाठी हाच काळ उत्तम. पण त्याच वेळी पुण्यात शाळा जोरात चालू असते, सराव परीक्षा डोक्यावर असतात. दहावीचं वर्ष असेल तर विषयच संपला. म्हणून स्कीइंगचा बेत आखणारं घर मूल सातवी-आठवीत असतानाच निघतं, २६ जानेवारीला जोडून सुट्या काढतं आणि वर्गशिक्षिकेला आधीच चिठ्ठी देतं. चार दिवसांची गैरहजेरी खटकते हे खरं, पण मुलाला या वयात जे शरीराने शिकता येतं ते पुढे तितक्या सहज येत नाही. आठवीतला मुलगा दुसऱ्या दिवशी उतार उतरतो, त्याच्या बाबांना चौथा दिवस लागतो.

गुलमर्ग म्हणजे फुलांचं कुरण. याचं जुनं नाव गौरीमर्ग होतं आणि सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान युसुफ शाह चक याने ते बदललं, असं सांगितलं जातं. इंग्रजांना उन्हाळ्यात इथली हवा मानवली. त्यांनी गोल्फचं मैदान केलं, चर्च बांधलं, आणि १९२७ साली इथे ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ची स्थापना झाली. नाताळ आणि ईस्टरला शर्यती भरत. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये लष्कराने इथे स्कीइंगची शाळा काढली. तीच पुढे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झाली. बर्फाळ सीमेवर जाणारे जवान आजही तिथे तयार होतात.

पर्यटकांचं गुलमर्ग घडायला मात्र आल्प्सचीच पारखी नजर कामी आली. १९६०च्या सुमारास ऑस्ट्रियाचे रुडॉल्फ मॅट इथे पाहणीसाठी आले. ते १९३६चे स्लालम प्रकारातले विश्वविजेते. त्यांनी या उतारांना पसंती दिली. १९६८ साली केंद्र सरकारने शिक्षक तयार करण्यासाठी संस्था काढली. आजची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग’ ती हीच. रोपवे उभारला फ्रान्सच्या पोमागाल्स्की कंपनीच्या तंत्राने. कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवटपर्यंतचा दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. गावात या टप्प्यांना कोणी दुसऱ्या नावाने ओळखत नाही. ‘फेज वन’, ‘फेज टू’, बस्स.

पुण्याहून निघणारी जुनी वाट झेलम एक्स्प्रेसची. जवळपास दोन दिवसांचा प्रवास, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, जम्मूला उतरलं की पुढे घाटातली बस. आता बहुतेक जण विमानाने जातात. तरीही ज्यांना गाडीची हौस आहे त्यांच्यासाठी जून २०२५पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत धावते आहे आणि तिच्या वाटेत चिनाब नदीपासून ३५९ मीटर उंचीवरचा पूल लागतो. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. त्यातले शेवटचे तेरा किलोमीटर टंगमर्गपासून वर चढतात, देवदारांमधून वळत वळत. ताजा बर्फ पडला असला की चाकांना साखळ्या नसलेल्या गाड्या इथेच थांबतात आणि सामान दुसऱ्या गाडीत हलवावं लागतं. या अदलाबदलीला तासभर हाताशी ठेवावा, कारण मागच्या सीटवरच्या मुलांना तोवर पहिला बर्फ दिसलेला असतो आणि त्यांना आवरणं कठीण असतं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी, भाड्याच्या दुकानात. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकची नडगीपर्यंतची पेटी. आत जाड अस्तर, पुढे चार बकला. पाय आत घालताना टाच मागे दाबून ठोकायची, नडगी पुढे टेकवायची आणि मग बकला खालून वर आवळत न्यायच्या. आत फक्त एक लांब, जाड मोजा. दोन मोजे घातले तर ऊब वाढत नाही, उलट वळ्या पडतात, रक्त अडतं आणि पाय गार पडतात. बूट चढला की माणूस सरळ उभाच राहू शकत नाही, गुडघे आपोआप पुढे झुकतात. ते तसंच हवं असतं. नवशिक्याला स्की हनुवटीच्या आसपास लांबीची देतात. आखूड स्की लवकर वळते. बुटाचा पुढचा ओठ स्कीवरच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे पकडीत, सरकवायचा, टाच दाबायची, ‘खट्’ असा आवाज आला की पाय जोडला गेला. पडताना पाय मुरगळू नये म्हणून हाच सांधा ठरावीक जोर आला की आपोआप सुटतो. दुकानदार वजन का विचारतो, याचं उत्तर इथे आहे. तो जोर वजनावरून बसवतात. आईंनी इथे संकोचाने दोन-चार किलो कमी सांगू नयेत.

कपड्यांची चूक हमखास होते ती जीन्सची. सुती कापड बर्फात ओलं होतं आणि मग वाळत नाही. आत घाम शोषणारा पातळ थर, त्यावर लोकर किंवा फ्लीस, बाहेर पाणी न शिरणारं जाकीट आणि विजार. बाहेरचं सगळं तिथे भाड्याने मिळतं, म्हणून पुण्यातून ढीगभर खरेदी करून नेण्याची गरज नाही. चांगले हातमोजे आणि गॉगल मात्र स्वतःचे असावेत. बर्फावरून ऊन उलटून अंगावर येतं. पहिल्या संध्याकाळी नाकाचे शेंडे आणि हनुवटीची खालची बाजू भाजलेली दिसते, तेव्हा सनस्क्रीन हॉटेलातच राहिल्याचं लक्षात येतं.

शिकवणी सुरू होते ती पडण्यापासून. पुढे किंवा मागे नाही, बाजूला, डोंगराच्या कुशीकडे पडायचं. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठताक्षणी घसरगुंडी. मग येतो थांबण्याचा धडा. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आणि टाचा बाहेर ढकलायच्या. शिक्षक त्याला ‘पिझ्झा’ म्हणतात, कारण आकार पिझ्झ्याच्या तुकड्यासारखा. दोन्ही स्की समांतर ठेवल्या की ‘फ्रेंच फ्राइज’. जगभरच्या लहान मुलांना हेच शब्द शिकवतात आणि गुलमर्गच्या उतारावरही ‘पिझ्झा, पिझ्झा!’ अशी आरोळी सतत कानावर येते. वळायचं असेल तर ज्या बाजूला जायचं त्याच्या विरुद्ध पायावर भार द्यायचा. हे डोक्याला पटायला वेळ लागतो, पायांना लवकर कळतं. रोज सिंहगड चढणाऱ्यांच्या मांड्या भक्कम असतात, तरी इथे दुसऱ्या सकाळी जिना उतरताना कण्हायला होतं. चढणारे स्नायू वेगळे, उतारावर स्वतःला रोखून धरणारे वेगळे.

या शिक्षकांबद्दल आदराने लिहायला हवं. त्यातले बरेच जण टंगमर्ग आणि आसपासच्या खेड्यांतले, बर्फातच मोठे झालेले. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरलेला एकमेव खेळाडू आरिफ खान याच भागातला. त्याच्या वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीच्या साहित्याचं दुकान होतं आणि तो चौथ्या वर्षापासून स्कीवर उभा राहिला. जायंट स्लालममध्ये तो ४५वा आला. आपल्याला बूट चढवून देणारा पोरगा उद्या काय करील, सांगता येत नाही.

घरातली ज्येष्ठ मंडळी या सहलीत मागे राहत नाहीत. आजींना फेज वनने कोंगडोरीपर्यंत नेता येतं. वर बसायला जागा असते आणि केशर, दालचिनी, वेलदोडा घातलेला कहवा मिळतो. खाली हॉटेलच्या खोलीत लाकडावर चालणारी बुखारी म्हणजे शेगडी पेटलेली असते, तिच्याभोवती ओले मोजे वाळत पडतात. शाकाहारी घरांनी पनीरवरच अडून बसू नये. नद्रू म्हणजे कमळाचे देठ, त्यांची दह्यातली यखनी आणि हाकची साधी पालेभाजी पुणेरी पोटाला छान मानवते. कुणी कांगडी दिलीच, तर विणलेल्या टोपलीतलं ते निखाऱ्यांचं मडकं फेरनच्या, म्हणजे लांब अंगरख्याच्या, आत कसं धरायचं, हे नीट विचारून घ्यावं.

फेज टूबद्दल मात्र सावधपणे बोललं पाहिजे. ३,९०० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत एक तृतीयांशाहून अधिक विरळ असते. दम्याचा, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच वर जावं आणि बाकीच्यांनीही पहिल्या दिवशी घाई करू नये. तिथून खाली येणारे उतार नवशिक्यांचे नाहीत. हिमकडे कोसळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारांवर पोलंडचे दोन स्कीपटू गेले, पुढच्याच फेब्रुवारीत एक रशियन. दोन्ही वेळी ती आखीव वाटेबाहेरची ठिकाणं होती. शिकणाऱ्या कुटुंबाची जागा खालच्या कुरणात आहे, आणि तिथे या धोक्याचा ताण नसतो.

बर्फही आता वेळेवर येईलच असं नाही. २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग बराच काळ कोरडं, तपकिरी होतं. २०२५ मध्ये ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. म्हणून तिकिटं काढताना तारखा बदलता येतील अशी सोय ठेवावी. त्याच वर्षी २२ एप्रिलला पहलगामजवळ दहशतवाद्यांनी २६ जणांना मारलं. महाराष्ट्रातले सहा, त्यांतले दोन पुण्याचे. शहराला ती जखम अजून ठसठसते. त्यानंतर ज्यांना जावंसं वाटत नाही, त्यांना कुणी आग्रह करू नये. जे जातात त्यांनी सरकारी सूचना पाहून, कुठलं ठिकाण खुलं आहे याची खात्री करून जावं.

आणि गेलंच, तर राहावं. स्वित्झर्लंडला जाणाऱ्या आपल्या सहली टिटलिस किंवा युंगफ्राउयोखवर दोन तास बर्फ खेळून, फोटो काढून खाली येतात. श्रीनगरहून सकाळी निघून गुलमर्गला टेकलेल्या गाड्याही संध्याकाळी परत फिरतात. त्या मंडळींनी भाड्याचे गमबूट घातलेले असतात, स्लेजवर बसून दोन फेऱ्या मारलेल्या असतात आणि बर्फ कसा दिसतो ते पाहिलेलं असतं. चार दिवस राहिलेल्यांना बर्फ पायाखाली कळतो. सकाळी तो कडक असतो, स्की खरखरते. दुपारी मऊ होतो आणि वेग आपोआप मंदावतो. चारनंतर सावली पडली की पुन्हा काचेसारखा होतो, आणि शिक्षक हात वर करून सगळ्यांना खाली बोलावतात. तेव्हा उतारावरून हमखास एखादं मूल मराठीत ओरडतं, ‘बाबा, अजून एकच फेरी!’ खाली बाबा एक बूट सोडवून, दुसऱ्याच्या बकला उघडत बसलेले असतात. ते वर बघतात आणि उघडलेली बकल पुन्हा लावतात.