जुनी मोटार, पण घरची

माळेगावच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला जाणता माणूस घोड्याच्या रंगावर भाळत नाही. तो आधी जबडा उघडून दात पाहतो, मग खूर उचलून पाहतो आणि शेवटी मालकाला म्हणतो, “जरा चालवून दाखवा.” लोह्याच्या परिसरात वाढलेल्या प्रत्येकाने मार्गशीर्षातील खंडोबाच्या या यात्रेत हे दृश्य कधी ना कधी पाहिलेले असते. गेल्या दिवाळीत आमच्या घरात जुनी मोटार घेण्याचा विषय निघाला, तेव्हा मला तोच घोडेबाजार आठवला. पुण्यात शिकणारा पुतण्या भ्रमणध्वनीवर एकामागून एक छायाचित्रे दाखवीत होता आणि घरातील सारी मंडळी रंगावर भाळत होती.

विषय निव्वळ हौसेचा नव्हता. घरची नवी गाडी रोज थोरल्या बंधूंबरोबर नांदेडच्या मोंढ्यात जाते. मुलांना शाळेत सोडणे, आईला तपासणीसाठी दवाखान्यात नेणे, लग्नकार्य, कुंथलगिरीचे दर्शन यांसाठी दुसरी गाडी हवीच होती. पुतण्याचे म्हणणे असे की, दुसरी घ्यायचीच तर आजोबांच्या काळातली घेऊ. पैसाही तुलनेने कमी लागेल आणि दारात शोभाही येईल. आईने एकच अट घातली : “घ्या, पण मला तीत बसता आले पाहिजे आणि दिवस मावळायच्या आत घरी पोहोचता आले पाहिजे.” सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणाऱ्या कुटुंबात ही अट किती मोठी आहे, हे वाचकांना निराळे सांगायला नको.

आपल्या समाजाला या जुन्या मोटारींविषयी थोडी आपुलकी असावी, हे स्वाभाविकच आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत स्वदेशी उद्योग उभारण्याचा ध्यास घेतला. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने, मग इटलीच्या फियाटच्या सहकार्याने मोटारी बाहेर पडू लागल्या. शेठजी १९५३ मध्ये निवर्तले. परंतु १९६४ च्या फियाट ११०० डिलाइटपासून पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झालेली गाडी चाळीसएक वर्षे महाराष्ट्राच्या रस्त्यांवर राहिली. चितोडच्या राणीचे नाव मिळालेली ही मोटार मुंबईकरांना काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ठाऊक आहे. शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. मराठवाड्यातील पेढीवाल्यांच्या घरी मात्र ती पांढऱ्या वा फिकट निळ्या रंगात, पाठीमागच्या काचेला पडदा लावून उभी असे. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळणारी मोटार म्हणजे घरातले एक कार्यच असे.

आठवणीच्या भरात बहुतेक जण पहिली चूक करतात, ती म्हणजे जितकी जुनी तितकी मोलाची असे मानण्याची. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि व्यापारी वापरात नसलेल्या वाहनाला ती मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. ऐकायला भारदस्त वाटते; पण असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, व्हिंटेज मोटारींची फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांखेरीज नेहमीच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे आईला दवाखान्यात नेण्यासाठी ती नाहीच. ज्यांना घरची गाडी हवी, त्यांनी साध्या खाजगी नोंदणीतच राहावे. आपल्याकडे ती पंधरा वर्षांनंतर योग्यतेच्या तपासणीने पाच-पाच वर्षांसाठी वाढते. तिचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, वीस वर्षांपुढच्या मोटारींना त्याहूनही अधिक पडते आणि पर्यावरण कर निराळा. हा खर्च मनात धरूनच किमतीची घासाघीस करावी.

मग कोणती गाडी? पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, रचना इतकी सरळ की जुना मिस्त्री डोळे मिटून उघडील. लांबी चार मीटरच्या आत. त्यामुळे लोह्याच्या बाजारपेठेतील बोळातही ती सहज वळते. स्टिअरिंगखालचा गिअर आणि पुढचे अखंड बाक यांमुळे पूर्वी पुढे तिघे सहज बसत; आज मात्र नोंदणीपत्रावर जितकी आसने, तितकीच माणसे. नवराबायको आणि दोन मुलांच्या संसाराला ती पुरते. पण बैठक जरा खाली आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीत उतरावे लागते आणि बाहेर येताना वर चढावे लागते.

अँबॅसॅडरचे तसे नाही. हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर घडवलेली ही गाडी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनत राहिली. बैठक उंच, दार रुंद, छप्पर डोक्यापासून लांब. नऊवारी नेसलेली आजी पदर न आवरता तीत बसू शकते. मोटारींवर लिहिणारे बरेच जण वेगावर पानेच्या पाने खर्च करतात आणि या गोष्टीला एक ओळही देत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. १९९० च्या दशकात तिला इसुझुचे १८०० सीसीचे पेट्रोल इंजिन मिळाले. माझ्या मते एकत्र कुटुंबाने पाहायची ती हीच अँबॅसॅडर : रूप जुने, चाल पुष्कळ पुढची. कॉन्टेसाचा दिमाख मोठा, पण सुटे भाग मिळवताना दम लागतो. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० स्वस्त आणि विश्वासू आहे. परंतु सात माणसांच्या घराला ती तोकडी.

चामड्याची आसने आपल्या घरांना चालत नाहीत. त्या बाबतीत या गाड्या सोयीच्या, कारण त्यांना बहुधा रेक्झीन किंवा कापडच असे. मात्र मधल्या मालकाने हौसेने काय चढवले आहे, ते विचारून घ्यावे.

आता दात पाहण्याचा भाग. रंग नवा असेल तर संशय वाढवावा, कमी करू नये. पायपुसणी उचलून तळाचा पत्रा पाहावा, दाराच्या खालच्या कडेवर बोट दाबून पाहावे, डिकीतील सुट्या चाकाखाली हात घालावा. या दोन्ही गाड्यांना वेगळी चौकट नाही. अंगाचा पत्राच सारा भार पेलतो. तो गंजला की गाडीचा कणाच गेला. या बाबतीत आपला कोरडा मुलूख भाग्यवान आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या चकचकीत मोटारीपेक्षा लातूर-नांदेडकडच्या गोदामात धूळ खात पडलेली मोटार अनेकदा निरोगी निघते. इंजिन दुरुस्त होते, सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळतात. सडलेला पत्रा मात्र पैसा गिळत राहतो.

कागद तर आपण व्यापारी माणसे पाहतोच, तरी मोटारीच्या मोहात तेही सुटतात. चॅसिस आणि इंजिनवरचे कोरलेले क्रमांक नोंदणीपत्राशी स्वतः ताडून पाहावेत. मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर नोंद करून घ्यावी, मगच व्यवहार करावा. जुन्या कर्जाचा बोजा फिटला असेल, पण पत्रावरून उतरलेला नसेल. नवी उच्चसुरक्षा पाटी बसवली आहे का, तेही पाहावे. विमा घेताना जुन्या गाडीचे मूल्य कंपनीशी ठरवूनच लिहून घ्यावे लागते. ते अव्वाच्या सव्वा कमी लिहू देऊ नये.

“जरा चालवून दाखवा” याचा खरा अर्थ आम्हांला एप्रिलच्या अखेरीस कळला. एका ओळखीच्या गृहस्थांनी आपली जुनी पेट्रोल मोटार आठ दिवस वापरून पाहायला दिली होती. कोणती ते इथे महत्त्वाचे नाही. आम्ही आईला घेऊन लातूरला गेलो. सकाळी गाडी लोण्यासारखी चालली. परतताना अहमदपूर मागे टाकले आणि चार वाजण्याच्या उन्हात ती गप्प झाली. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती हवा ओढत बसतो. त्यात रेडिएटर वर्षानुवर्षे साफ केलेला नव्हता. पंपावर ओले फडके ठेवून थांबलो, चालू केली, तीन किलोमीटर गेलो, पुन्हा थांबलो. घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आई काही बोलली नाही. पाण्याचा घोटही न घेता अंथरुणावर पडली. वय अठ्ठ्याहत्तर, बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन होऊन गेलेले. ती रात्र आम्ही भावांनी तिच्या उशाशी आळीपाळीने जागून काढली.

दुसऱ्याच दिवशी ती गाडी परत केली. तेव्हापासून माझा आग्रह आहे की, जुन्या मोटारीची परीक्षा पौषातल्या थंड सकाळी घेऊ नये. वैशाखातल्या दुपारी, भरल्या माणसांनिशी, निदान शंभर किलोमीटर घ्यावी. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तेव्हा जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा आधी बदलून घ्यावा. ते इथेनॉलने झिजतात आणि गळती आगीपर्यंत जाऊ शकते.

मुलांचा प्रश्न याहून अवघड. पुढच्या आसनांचे पट्टे १९९४ पासून कारखान्यांना सक्तीचे झाले, मागच्यांचे त्याहून पुष्कळ उशिरा. म्हणजे आपल्या आवडीच्या बहुतेक गाड्यांत मागे बसणारी मुले मोकळी असतात. कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन लागते. दंड हजार रुपयांचा आहे, पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. नांदेड-लातूर रस्त्यावर पुढचा ट्रक एकाएकी थांबला, तर ती आजच्या गाडीइतक्या कमी अंतरात थांबत नाही. पट्टे नंतर बसवता येतात. मात्र ते नुसत्या पत्र्याला नव्हे, मागून जाड लोखंडी पट्टी देऊन आवळले पाहिजेत. हे करणारा कारागीर मिळत नसेल, तर लहान मुलांसाठी ती मोटार घेऊच नये. पुतण्याला हे पटायला दोन महिने लागले.

अखेर पावसाळ्याआधी इसुझु इंजिनाची एक पांढरी अँबॅसॅडर आली. मागे तीन पट्टे बसवले, रेडिएटर नवा घातला, नळ्या बदलल्या. मूळ किमतीच्या जवळजवळ निम्मा खर्च यावरच झाला. वेग आम्ही साठच्या वर नेत नाही. पर्युषणानंतर कुंथलगिरीला जाऊन आलो. मुक्काम करूनच परतलो, दुपारी बारालाच निघालो आणि पाचच्या सुमारास ओट्यावर आईचे ताट वाढलेले होते. पुतण्या अजून म्हणतो की, फिकट निळा रंग अधिक शोभला असता.