ट्रिप्सिन–निरोधक संकुल

ट्रिप्सिन–निरोधक संकुल म्हणजे प्रथिनांचे विघटन करणारे ट्रिप्सिन हे विकर आणि त्याचे कार्य रोखणारे नैसर्गिक प्रथिन यांची घट्ट जोडी होय. गाईच्या स्वादुपिंडातून मिळणारे ट्रिप्सिन व निरोधक यांचे संकुल हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. या निरोधकात ५८ अमिनो आम्ले व ३ डायसल्फाइड बंध असतात. औषध म्हणून तो ॲप्रोटिनिन या नावाने ओळखला जातो.

इतिहास

मोझेस कुनिट्झ व जॉन नॉर्थ्रॉप यांनी १९३६ मध्ये हा निरोधक आणि त्याचे ट्रिप्सिनशी बनलेले संयुग स्फटिकरूपात मिळवल्याचे प्रसिद्ध केले. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात जर्मनीत रॉबर्ट हुबर व सहकाऱ्यांनी क्ष-किरण विवर्तनाद्वारे संकुलाची त्रिमितीय रचना निश्चित केली. डुकराचे ट्रिप्सिन व सोयाबीनमधील निरोधक यांच्या संकुलाची रचना १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली.

स्फटिकीकरण

ट्रिप्सिन स्वतःच्याच रेणूंचे तुकडे करते. त्यामुळे द्रावण एकजिनसी राहत नाही आणि सुबक स्फटिक मिळणे अवघड होते. निरोधकाने क्रियास्थळ झाकले की हे स्वपचन थांबते व रेणूची घडण स्थिर होते. शुद्ध विकरात निरोधक किंचित अधिक प्रमाणात मिसळतात, मुक्त निरोधक वेगळा काढतात आणि अमोनियम सल्फेटसारख्या क्षाराच्या साहाय्याने संकुलाची विद्राव्यता सावकाश कमी करतात. ही क्रिया घाईने केल्यास स्फटिकांऐवजी आकारहीन साका मिळतो.

रचना

निरोधकाचे १५ वे अमिनो आम्ल लायसीन हे ट्रिप्सिनच्या खोबणीत शिरते. तेथील १८९ व्या ॲस्पार्टिक आम्लाचा ऋण प्रभार लायसीनच्या धन प्रभारास आकर्षित करतो. त्यामुळे १५ व १६ या अमिनो आम्लांमधील बंध विकराच्या १९५ व्या सेरीनसमोर येतो. एरवी असा बंध तुटतो. येथे मात्र निरोधकाचा ताठर सांगाडा तो जागच्या जागी धरून ठेवतो व विघटन अत्यंत मंद होते. सेरीन व निरोधक यांच्यात पूर्ण सहसंयुजी बंध तयार होतो, असे प्रारंभी मानले गेले. अधिक सूक्ष्म विभेदनाच्या अभ्यासातून तसा बंध पूर्ण होत नसल्याचे दिसून आले. संकुलाचा वियोजन स्थिरांक सुमारे ६ × १०⁻¹⁴ मोलर इतका अल्प आहे.

महत्त्व

विकर आपल्या क्रियाधारास कसे पकडते, याचे चित्र या संकुलातून मिळाले. विशिष्ट विकर रोखणाऱ्या औषधांच्या आराखड्यासाठी अशा रचनांचा आधार घेतला जातो.